गोलातली रिकामी खुर्ची

"माझ्या तोंडून? गुडघ्यातला 'गु' सुद्धा बाहेर पडणार नाही!" आपल्या वाढदिवसाच्या सकाळी डौवेनं बायकोला ठणकावून सांगितलं.

"आधी तो शब्द नीट तोड," सीत्स्के म्हणाली आणि कॉफीच्या कपबशा पुसू लागली.

डौवे म्हणजे मोल्डरझाइलच्या कालव्यावरच्या पुलाचा रखवालदार. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली. अख्ख्या गावाची वाहतूक ज्याच्या एका बटणावर थांबते, त्याला एका रविवारपुरतं तोंड बंद ठेवता येणार नाही? पूल बंद ठेवण्यापेक्षा तोंड बंद ठेवणं सोपं! निदान बोटी भोंगे तरी वाजवत नाहीत.

गुपित माळ्यावर राहत होतं. त्याचं नाव हिल्के. डौवेच्या बहिणीचा मुलगा, मोल्डरझाइल क्लबचा सेंटर फॉरवर्ड, गावाच्या गळ्यातला ताईत. गेल्या हंगामात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तो आवाज म्हणे शेजारच्या गावच्या गाईंनीही ऐकला. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, तपासण्या झाल्या. कागदोपत्री गुडघा आता ठणठणीत होता. हिल्के मैदानात धावायचा, वळायचा, बॉल असा मारायचा की जाळीला सर्दी व्हावी.

फक्त जिना उतरायचा उलटा.

तोंड भिंतीकडे, दोन्ही हात वरच्या पायरीवर आणि एकेक पाय मागे चाचपत, लहान बाळ पलंगावरून उतरतं तसा. चढताना काही नाही. पण उतरायची वेळ आली की सहा फुटी गडी पांढरा पडायचा. "मामा, वाकला की तुटेल असं वाटतं रे," एवढंच म्हणायचा.

आणि उद्या क्लब ठरवणार होता की हिल्केला नवा करार द्यायचा, की नॉर्वेहून दुसरा फॉरवर्ड आणून याला टाटा करायचं. अशा वेळी आपला सेंटर फॉरवर्ड घरात रांगत उतरतो ही बातमी दाराबाहेर गेली असती, तर पोराचं फुटबॉल तिथंच संपलं असतं.

"मी गप्प राहीन, तूही राहशील. रूलोफचं काय?" सीत्स्केनं विचारलं. रूलोफ म्हणजे तिचा भाऊ. "आणि तुझ्या आत्याचं?"

"त्यांचं मी बघतो!" डौवे म्हणाला. हे वाक्य तो पुलावरही म्हणतो. तेव्हाही लोक गाडीचं इंजिन बंदच करतात.

दुपारी बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचा गोल मांडला गेला. त्या गावात वाढदिवसाला गोल हवाच. नाहीतर तो वाढदिवस नव्हे, नुसतं वय वाढणं. नव्या पाहुण्यानं आत येऊन गोल फिरायचं, प्रत्येकाचा हात दाबायचा आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. बायकोचं नवऱ्याबद्दल, मेहुण्याचं भाऊजींबद्दल, आत्याचं भाच्याबद्दल. उगाच राहून जायला नको म्हणून काहीजण मांजराचंही करतात. मग रिकाम्या खुर्चीत बसायचं, कॉफी घ्यायची, केकचा एक तुकडा घ्यायचा. एकच. दुसरा मागणाऱ्याबद्दल गावात वर्षभर बोललं जातं.

मागचं दार उघडंच होतं. त्यातून चौकटीचा कोट घातलेला एक उंच, चष्मेवाला माणूस आत आला. सीत्स्केनं सवयीनं त्याचा हात धरून "अभिनंदन!" म्हटलं. तो क्षणभर बावचळला. मग त्याचा चेहरा उजळला. "अभिनंदन!" तोही म्हणाला, आणि बघता बघता त्यानं अख्खा गोल पालथा घातला. रूलोफला अभिनंदन, गेप्के आत्याला अभिनंदन, डौवेचा हात तर दोन्ही हातांत घेऊन गदगदा हलवला. आणि गोलातल्या एकुलत्या एका रिकाम्या खुर्चीत बसला.

आता हा माणूस कोण, हे कोण विचारणार? डौवेला वाटलं, सीत्स्केच्या गायनमंडळातला असेल. सीत्स्केला वाटलं, पुलाच्या ऑफिसातला असेल. रूलोफला वाटलं, शेजारी नवीन राहायला आलेला तो. आत्याला वाटलं, आपला दूरचा पुतण्या; बरंच वय झालं म्हणायचं! ज्यानं हात हातात घेऊन तुमचं अभिनंदन केलंय त्याला 'आपण कोण?' विचारणं म्हणजे त्याच्या ताटातला केक काढून घेणं. सीत्स्केनं त्याला गुलाबी आयसिंगचा तुकडा दिला. जरा मोठाच.

पहिली कॉफी हवामानावर संपली. दुसऱ्या कॉफीला रूलोफनं खुर्ची पुढं सरकवली.

"भाऊजी, उद्या काय होणार सांगू? नॉर्वेवाला येणार! आणि यायलाच पाहिजे!"

"कशाला?" डौवेनं आवाज शक्य तितका थंड ठेवला. "आपले क्लबवाले खेळाडू खरेदी करतात तेव्हा काय होतं ठाऊक आहे ना? तो बॅक आठवतो? व्हिडिओवर नुसता वारा! इथं आल्यावर कळलं, व्हिडिओच दुप्पट वेगानं लावला होता!"

"बरं, आणि तो पोर्तुगालचा विंगर?"

"त्याचं नाव काढू नकोस! पहिल्या दिवशी विमानतळाबाहेर आला, आपला वारा खाल्ला, आणि तोंड न धुता परतीच्या विमानात बसला!"

"तो गोलकीपर चांगला होता," आत्या म्हणाली.

"आत्या, तो गोलकीपर नव्हता. बसचा ड्रायव्हर होता. टीमच्या फोटोत उभा राहिला एवढंच."

"म्हणूनच! एकही गोल खाल्ला नाही."

चष्मेवाला हे सगळं मन लावून ऐकत होता. मग त्यानं बशी खाली ठेवली आणि जरा परक्या धाटणीत, अगदी हळू विचारलं, "आणि हिल्केचा गुडघा?"

सीत्स्केनं डौवेकडे पाहिलं. डौवेनं रूलोफकडे पाहिलं. रूलोफनं तोंड उघडलं, आणि डौवेनं ते बंद करायच्या घाईत स्वतःचं उघडलं.

"गुडघा? दगड आहे दगड!"

"दगडच," रूलोफ म्हणाला. "म्हणून तर वाकत नाही."

"वाकतो! कोण म्हणतं वाकत नाही?"

"मग पोर जिना उलटा का उतरतं?" आत्यानं अगदी निरागसपणे विचारलं.

सीत्स्केनं डोळे मिटले. पाहुण्याच्या भुवया चष्म्याच्या वर निघाल्या.

"उलटा?" तो म्हणाला.

"हो! उलटा!" डौवे ओरडला. माणूस बुडताना ओरडतो तसा. "मुद्दाम! ती एक पद्धत आहे. नवीन निघालीय. जर्मनीत. सगळे मोठे खेळाडू उलटेच उतरतात. त्यामुळे गुडघ्याला... गुडघ्याला कळत नाही की आपण उतरतोय!"

"कुणाला कळत नाही?" रूलोफनं विचारलं.

"गुडघ्याला! फसतो बिचारा!"

पाहुणा पुढं झुकला. "हे मला पाहायला आवडेल."

आता मागं फिरणं नव्हतं. डौवेनं जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. वर दार वाजलं, आणि गोलातल्या साऱ्यांनी पाहिलं: आधी मोजे आले. मग पोटऱ्या. मग हिल्केची पाठ, पायरी पायरी करत, शिडीवरून उतरणाऱ्या रंगाऱ्यासारखी. खाली पोचल्यावर तो वळला, अनोळखी माणूस दिसताच कानापर्यंत लाल झाला.

"दाखव यांना!" डौवे हातवारे करत म्हणाला. "ती जर्मन पद्धत!"

"कुठली?"

"तीच रे! चाल उलटा!"

हिल्के बिचारा मामाच्या वाढदिवसाची इज्जत राखायला गोलाच्या मधोमध उलटा चालू लागला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत डौवेनं पाय ठेवायचं स्टूल वाटेत सरकवलं आणि "उडी!" म्हणाला. हिल्केनं गुडघे वाकवले, आणि त्याच क्षणी खोलीत आवाज झाला.

कडाक्!

सीत्स्के किंचाळली. रूलोफच्या हातातली कॉफी मांजरावर गेली. हिल्के गुडघा दोन्ही हातांनी धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. डौवेला वाटलं, आपण आपल्या हातानं, आपल्या वाढदिवशी, आपल्या बहिणीच्या पोराचं...

"माझं बिस्किट होतं," आत्या म्हणाली. "आल्याचं. फार कडक भाजलंय गं, सीत्स्के."

कुणी हसलं नाही. हिल्केनं गुडघा सोडला, मान खाली घातली. "बघितलंस ना, मामा?" तो पुटपुटला. "बिस्किटाला घाबरलो मी. उद्या मी स्वतःच सांगतो त्यांना, नॉर्वेवाला आणा म्हणून." आणि तो जिना चढून गेला. सरळ. चढताना तो नेहमीच सरळ असतो.

डौवेला हे सहन होईना. "पद्धतीत काही चूक नाही!" तो पाहुण्याला म्हणाला. "पोर दमलंय. मी दाखवतो! माझ्या वयालाही जमतं, मग बघा!"

"डौवे, खाली बस," सीत्स्के म्हणाली.

"भाऊजी, नको," रूलोफ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा काळजीनं.

डौवे उलटा चालला. एक पाऊल, दोन पावलं, आणि पुलाच्या रखवालदाराला न शोभणाऱ्या वेगानं त्यानं मागे स्टुलावरून उडी घेतली. यावेळी आवाज बिस्किटाचा नव्हता. तो ओल्या फांदीसारखा होता, आणि त्यापाठोपाठ डौवे असा काही बोंबलला की कालव्यातल्या दोन बोटींना पूल उघडतोय असं वाटलं.

वरून धडधड ऐकू आली. हिल्के! तीन-तीन पायऱ्या एका दमात, तोंड पुढं, हात हवेत, शेवटच्या चार पायऱ्या तर त्यानं पाहिल्याच नाहीत. खाली आदळला तो दोन्ही पायांवर, कॉफीचं टेबल ओलांडलं, आणि घरात सगळ्यात वजनदार असलेल्या मामाला लोण्याच्या डब्यासारखं उचलून सोफ्यावर ठेवलं.

"मामा! कुठं लागलं?"

सगळे आ वासून आधी हिल्केकडे, मग जिन्याकडे पाहत होते. हिल्केनंही वळून जिन्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"मी... सरळ उतरलो?"

"उतरला नाहीस," आत्या म्हणाली. "पडलास. पण छान पडलास."

पाहुणा तोवर सोफ्याशी गुडघे टेकून बसला होता. त्याची बोटं डौवेच्या गुडघ्यावरून अशी फिरली की रूलोफची दातखीळच बसली. शेजाऱ्याची बोटं अशी फिरत नाहीत!

"स्नायुबंध तुटलाय," तो शांतपणे म्हणाला. "रुग्णवाहिका बोलवा."

"तुम्हाला काय कळतं?" सीत्स्के रडवेली झाली. "तुम्ही पुलाच्या ऑफिसातले ना?"

"ते गायनमंडळातले!" सोफ्यावरून डौवे विव्हळला.

"मी डॉक्टर क्योल्बी. डेन्मार्कचा. क्लबमध्ये परवाच रुजू झालो," पाहुणा म्हणाला. "हिल्केला घरी भेटायचं होतं. पुढच्या दाराची घंटा वाजवून थकलो, म्हणून मागून आलो. तुम्ही सगळे इतक्या आनंदानं अभिनंदन करत होता, मला वाटलं तो बरा झाल्याबद्दल असेल. म्हणून मीही केलं."

रूलोफनं नकळत स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बसचा ड्रायव्हर, दुप्पट वेगाचा व्हिडिओ, सगळं क्लबच्याच माणसापुढं! डौवेला तर गुडघ्यापेक्षा जीभ जास्त दुखू लागली.

"डॉक्टर," हिल्के घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही सगळं पाहिलंत. मी बिस्किटाला घाबरलो."

"पाहिलं. तुझ्या गुडघ्याचे अहवाल माझ्याकडे आधीच होते. भीतीचा अहवाल नव्हता, तो बघायला आलो होतो." डॉक्टरनं जिन्याकडे बोट केलं. "आता मिळाला. उद्या मी त्यांना सांगतो, मुलगा शनिवारी खेळेल."

हिल्के मटकन खाली बसला आणि हसू लागला, रडल्यासारखा. सीत्स्केनं डॉक्टरला मिठी मारली आणि केकचा दुसरा तुकडा दिला. दुसरा! असा प्रकार या घरात कधी घडला नव्हता.

"म्हणजे मी शनिवारी मैदानात..." डौवेनं मान वर केली.

"तुम्ही शनिवारी पाय टांगून झोपणार. आणि पुढचे कित्येक महिने."

रुग्णवाहिका यायला वेळ होता. डौवेच्या अंगावर पांघरूण घातलं गेलं, आणि घरात खरोखर मोठी दुखापत झालेला एक माणूस आहे म्हटल्यावर गोल हळूहळू पुन्हा भरला. खुर्च्या पुढं सरकल्या.

"मला वाटतं," रूलोफ गंभीरपणे म्हणाला, "या वयात अशा दुखापतीतून पुन्हा फॉर्मात येणं अवघड असतं."

"थांबून बघू की," हिल्के म्हणाला. "मामा आपल्याच मातीतला आहे."

"भावना ठीक आहेत, पण पुलाला माणूस लागतोच. नॉर्वेत म्हणे चांगले मिळतात. तरुण."

डौवेनं मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. सीत्स्के कॉफी ढवळत विचार करत होती.

"नॉर्वेवाला," तिनं विचारलं, "भांडी घासतो का?"