येताना काय आणू?

पत्र लिहायचं तर कुवेतच्या अख्ख्या सालमियात एकच माणूस, इद्रीस सोलकर. म्हणजे मी. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे, म्हणायचे. सकाळी शर्क भागातल्या एका पाण्याचे पंप विकणाऱ्या पेढीत मी टायपिस्ट आणि संध्याकाळी आमच्या रत्नागिरीकडच्या मंडळींचा फुकटातला मुन्शी. कुणाच्या आईला, कुणाच्या बायकोला, कुणाच्या सासऱ्याला, सगळी पत्रं माझ्या हातची. सुरुवात "येथील सर्व खुशाल" आणि शेवट "येताना काय आणू, निःसंकोच कळवावे."

चौदा वर्षांत या शेवटच्या ओळीवाचून माझ्या हातून एकही पत्र गेलं नव्हतं. कुवेतहून गावाला जाणाऱ्यानं हे विचारायचंच असतं. न विचारणारा एक तर कंजूष, नाही तर माजलेला. मग तिकडून उत्तर यायचं, एक टॉर्च आण, नायलॉनचं कापड आण, जमलं तर मनगटी घड्याळ आण. ज्याला जमणार नसेल त्यानं "पाहतो" असं लिहायचं. आपल्याकडं एवढ्यावर माणूस समजतो. पुन्हा विषय काढत नाही.

आता माझ्या घराबद्दल सांगतो. दोन खोल्या. कागदोपत्री त्यात मी आणि माझी बायको रबिया. पण मुंबईची बोट लागली की कुणीतरी ट्रंक घेऊन उतरायचा आणि त्याच्या खिशात पत्ता माझा असायचा. "नोकरी लागेपर्यंत आठ दिवस राहतो." रबियाचा मावसभाऊ अकबर असाच आठ दिवसांसाठी आला, त्याला तीन वर्षं झाली. जहाजावरून निवृत्त झालेले कासमचाचा आले ते दमा बरा होईपर्यंत. आमच्याच पेढीतला फिटर मजीद आला, कारण त्याला खोली शोधायला वेळ मिळत नव्हता. एकोणीसशे चौसष्ट साली बाहेरच्या खोलीत सात चटया पडत होत्या.

रबिया कधी बोलली नाही. फक्त एक गोष्ट झाली. पेढीत एका ग्रीक जहाज कंपनीचं कॅलेंडर आलं होतं, ते मी घरी आणलं आणि तिनं ते स्वयंपाकघरात टांगलं. जूनच्या पानावर ग्रीसमधल्या कुठल्याशा खेड्याचा किनारा होता. निळं पाणी, पांढरी वाळू, एक उलटी घातलेली होडी, आणि माणूस एकही नाही. जुलै आला, ऑगस्ट आला, आमच्या स्वयंपाकघरात जूनच.

"पान उलटायचं राहिलंय," मी एकदा म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. तव्यावर बाविसावी भाकरी होती. "ऐका, एक मागू? आठ दिवस मला तिथं न्या. फक्त आठ दिवस. जिथं जेवायला बसताना मी दोनच ताटं घेईन, असं कुठंतरी. लग्न झाल्यापासून आपण दोघं एकटे एकदाही जेवलो नाही."

मी हिशेब घातला. खरंच नव्हतो जेवलो. गावाला जाऊन उपयोग नव्हता. तिथं कुवेतवाला आला म्हटलं की पहाटेपासून अंगणात बूट-चपलांचा ढीग. कुणाला नोकरी हवी, कुणाला सल्ला हवा, कुणाला नुसतंच घड्याळ बघायचं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "बैरूतपर्यंत विमान, पुढं बोट. ऑक्टोबरात निघायचं. सगळी व्यवस्था मी एका पत्रात करतो. पत्र लिहावं तर या इद्रीसनं!"

त्या संध्याकाळी ही बातमी मी स्वतःच सातही चटयांना सांगितली.

"आपल्या गावाला किनारा नाही का?" कासमचाचा म्हणाले. "एवढा पैसा घालून दुसऱ्याची वाळू कशाला बघायची?"

"तिथं शांतता असते, चाचा."

"मग आम्ही इथं बोलतो तरी कुठं?" असं म्हणून ते पुढं तासभर बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक नमाजला गेल्यावर मी पेढीचा छापील कागद मशीनवर चढवला. साध्या कागदावरच्या पत्राला परदेशात कोण विचारतो? हा कागद जाड, वर अरबी-इंग्रजीत पेढीचं नाव आणि मधोमध धो धो पाणी ओतणाऱ्या पंपाचं चित्र. कॅलेंडरवर गावाचं नाव होतंच. (ते मी इथं सांगत नाही. त्या गावाला तोंड दाखवायची माझी सोय राहिलेली नाही.) गावप्रमुखांना मी लिहिलं की आम्ही नवरा-बायको आठ दिवस येऊ इच्छितो, समुद्राकडं तोंड असलेली एक खोली पुरे, आमच्यासाठी काहीही त्रास घेऊ नये, आम्हाला फक्त शांतता हवी. सुरेख पत्र झालं. सही ठोकली आणि टाकलं पोस्टात.

महिन्याभरानं उत्तर आलं. तिथल्या शाळामास्तरांनी इंग्रजीत लिहिलेलं, खाली गावप्रमुखांची सही.

"आदरणीय श्री. इद्रीस, आपले पत्र चर्चमध्ये सर्वांसमोर वाचले. आमची अडचण आपल्याला एवढ्या दूर कशी कळली, याचे नवल वाटते. आपण विचारल्याप्रमाणे निःसंकोच कळवीत आहोत. गावाची विहीर खाली आहे आणि बायका एकशे दहा पायऱ्या चढून पाणी आणतात. तरी एक पंप आणावा. भूकंपात चर्चची घंटा तडकली आहे, तीही आणल्यास बरे. जमल्यास एक फुटबॉल."

मी माझ्या पत्राची कार्बन कॉपी काढून बघितली. सगळं व्यवस्थित होतं, आणि सगळ्यात शेवटी, हाताच्या सवयीनं आपसूक टाइप झालेली ओळ होती. येताना आपल्या गावासाठी येथून काय आणू, निःसंकोच कळवावे.

त्याच क्षणी खरं लिहून टाकायचं होतं, की बाबांनो, मी टायपिस्ट आहे, पंप फक्त माझ्या कागदावर आहे. पण एकशे दहा पायऱ्या म्हटल्यावर नाही म्हणवेना. शिवाय श्रीयुत इद्रीस, तेही आदरणीय, असं मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

"त्यात काय एवढं," कासमचाचा म्हणाले. "लिही 'पाहतो.' समजतील."

मी लिहिलं, पाहतो.

नाही समजले.

पुढच्या पाकिटात फोटो होता. डोंगरउतारावर सिमेंटचा नवा कोरा चौथरा, त्यात पंप बसवायला चार बोल्ट उभे केलेले. चौथऱ्याभोवती सगळं गाव. पुढं कोट घातलेले गावप्रमुख, बाजूला ढोल आणि कर्णे घेतलेली अकरा माणसं, मागं रिकामे हंडे काखोटीला मारलेल्या बायका. वर कापडी फलक, त्यावर इंग्रजीत माझं नाव. मास्तरांनी लिहिलं होतं, "आपण पाहतो म्हणालात, तेव्हा या आणि पाहा. चौथरा तयार आहे. बोटीवर वाजंत्री येईल. आठही दिवस आपल्याला एक क्षणसुद्धा एकटे वाटू देणार नाही, हा गावाचा शब्द."

रबियानं फोटो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला.

"किती माणसं आहेत?"

"असतील शंभर-सव्वाशे."

"मग ताटं किती घेऊ?" तिनं विचारलं, आणि फोटो मला परत दिला. मला तिच्याकडं बघवलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं तर निभावलं असतं. पण पहिलं टपाल मीच उघडलं होतं, हे पाकीट मात्र मला मिळण्याआधी मालकांच्या टेबलावर उघडलं गेलं होतं. कागद पेढीचा, म्हणून उत्तरही पेढीच्या नावानं. मालकांनी ते काही न बोलता माझ्याकडं पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. केबिनपर्यंतच्या वीस पावलांत माझी नोकरी गेली, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना गेला, मी बोटीतून रत्नागिरीला उतरलो आणि अंगणातल्या लोकांना काय सांगायचं तेही ठरवलं.

मालक आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलत. "इद्रीस, तू पेढीच्या कागदावर माझ्या पेढीतला पंप वाटलास?"

"चुकलो, साहेब."

"फोटो दे."

मी दिला. ते कोटवाल्यांकडं बघत नव्हते, हंडेवाल्या बायकांकडं बघत होते. "मी लहान असताना कुवेतला पाणी बोटीनं यायचं, बसऱ्याकडून," ते म्हणाले. "वारा पडला की बोट यायची नाही. माझी आई असाच हंडा घेऊन किनाऱ्यावर उभी राहायची." मग त्यांनी फोटो खाली ठेवला. "गोदामात एक पंप आहे, थोडा जुना, पण चांगला. तो पाठवू."

माझे डोळे भरून आले. मी त्यांचा हात धरला, दुवा दिली, आणि ऑक्टोबरात मी स्वतः तो घेऊन जातो, असं म्हणालो.

"तू?" मालक हसले. "तुला पंप बसवता येतो?"

"नाही."

"मजीदला येतो. मजीद जाईल. मजीद नसताना गिऱ्हाइकांना पत्रं कोण लिहील? तू. तुझी रजा पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे माझ्या रजेवर, माझ्या पत्रावर, मी दोन महिने खपून जमवलेल्या बैरूतच्या विमानातून आणि पुढच्या बोटीतून, माझ्याच चटईवर झोपणारा मजीद निघाला. गावासाठी घंटा काही मिळाली नाही, पण फुटबॉल मी विकत आणून दिला.

घरी जाऊन रबियाला सांगणं भाग होतं. ती पीठ मळत होती.

"मजीद चाललाय," मी म्हटलं.

"कुठं?"

"तिथंच. पंप घेऊन."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि कॅलेंडरची चार पानं एकदम उलटून ऑक्टोबर काढला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तसाच दारात उभा राहिलो, मग अकबरनं आतून चहा मागितला म्हणून बाजूला झालो.

मजीद नोव्हेंबरात परत आला, गुबगुबीत होऊन. वाजंत्री पहिल्या दिवशीच होती म्हणे. पंप सुरू झाल्यावर मजीदलाच आदरणीय केलं आणि मग सगळे आपापल्या कामाला गेले.

"काय शांतता, दुलाभाई! दिवसच्या दिवस नुसता समुद्र. आपाला तुम्ही न्यायला हवं होतं."

त्याची आपा, म्हणजे रबिया, भाकरी थापत होती. तिनं ऐकलं.

मजीदच्या मागं दारात एक मिशाळ गृहस्थ उभा होता, काखेत ऑलिव्हचा डबा आणि हातात ट्रंक. गावप्रमुखांचा मेहुणा, यानी. व्यवसायानं गवंडी. चौथरा त्यानंच बांधला होता. कुवेतमध्ये बांधकामं पुष्कळ आहेत असं मजीदनं त्याला सांगितलं होतं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पत्ता माझा दिला होता.

"आठच दिवसांसाठी आलाय," मजीद म्हणाला.

रबियानं आठवी चटई टाकून दिली. तिसऱ्या दिवशी तिनं ट्रंक बांधली. "आईला बघून येते," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या बोटीनं गेली. मी धक्क्यावर उभा राहून हात हलवला. घरी परतलो तर अकबरनं भात लावला होता, आणि तो तळाला लागला होता.

मी तिला लांबलचक पत्र लिहिलं. माफी मागितली. जानेवारीत रजा काढून न्यायला येतो म्हटलं. आणि शेवटी, या खेपेस अगदी जाणूनबुजून, मनापासून विचारलं, येताना काय आणू?

उत्तर आलं तेव्हा सगळे घरीच होते. आमच्याकडं गावचं कुठलंही पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, म्हणजे ज्याला पत्र आलेलं नसतं त्यालाही खुशाली कळते. नियम माझाच. मी चष्मा पुसला आणि घसा साफ करून सुरुवात केली.

"'येथील सर्व खुशाल. सकाळी मी किनाऱ्यावर जाऊन बसते. तिथे कोणी नसते. घरीही कोणी येत नाही. अंगण भरायचे ते आपण कुवेतहून येता म्हणून भरायचे, हे आता कळले. जेवायला दोनच ताटे असतात, माझे आणि आईचे. आपण विचारले आहे, येताना काय आणू. काही आणू नये. आणि एवढ्यात आपणही येऊ नये.'"

अकबर भाताकडं बघत राहिला.

"पुढं वाच," कासमचाचा म्हणाले.

"पुढं सही आहे, चाचा."

मी पुन्हा लिहिलं. दोनच वाक्यं. माझं चुकलं, आणि तू परत केव्हा येशील? महिन्यानं पोस्टकार्ड आलं. ते मी मोठ्यानं वाचलं नाही, पण चाचांनी विचारलंच.

"काय म्हणते?"

"म्हणते, पाहते."

चाचांनी मान खाली घातली. अकबर उठून चहा करायला गेला, न सांगता, पहिल्यांदाच. पुन्हा कुणी विषय काढला नाही. फक्त यानीनं मजीदकडून त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला, आणि उठून आनंदानं मला मिठी मारली. त्याच्या गावात एवढ्या शब्दावर चौथरा बांधतात. मी मात्र रत्नागिरीचा आहे.