ब्रेक समाधानकारक

तपासणी केंद्रातून गाडी पास होऊन आली, तेव्हा आजोबांनी ते प्रमाणपत्र जेवणाच्या टेबलावर असं ठेवलं, जणू परीक्षेला तेच बसले होते. आजोबा हे पद त्यांना नुकतंच मिळालं होतं आणि अजून अंगवळणी पडायचं होतं. कुणी "आजोबा" म्हटलं की ते आपल्या मागे कोण उभं आहे ते बघत. नात डोंगरापलीकडच्या गावात जन्मली होती. जावई कामासाठी बाहेरगावी जाणार, म्हणून शनिवारी लेकीला आणि नातीला घरी आणायचं ठरलं होतं. लेक तान्ही असताना दवाखान्यातून याच गाडीने घरी आली होती. आता तिची लेकही याच गाडीने यावी, एवढी एकच हौस आजोबांची उरली होती.

आजींनी चष्मा लावून कागद वाचला. त्या निवृत्त शिक्षिका. कागद हातात आला की त्यातली चूक आपण होऊन पुढे येऊन उभी राहते, असा त्यांचा अनुभव होता.

"ब्रेकपुढे काय लिहिलंय, वाचलंत का?"

"समाधानकारक. म्हणजे पास."

"मला शिकवताय? आयुष्यभर प्रगतिपुस्तकं लिहिली मी. समाधानकारक कुणाला लिहायचे माहितीये? नापास केला तर परत माझ्याच वर्गात येईल, त्याला."

"अहो, पण गाडी..."

"मध्ये डोंगराचा उतार आहे. माझी नात समाधानकारक ब्रेकवर खाली येणार नाही. टॅक्सी करू."

टॅक्सी हा शब्द आजोबांना फार लागला. जेवण तसंच टाकून ते गाडी घेऊन चौकातल्या मेकॅनिककडे गेले. हा त्यांचा जुना दोस्त. त्याने चाकं काढली, आत डोकावला, बोटाने काहीतरी पुसून बघितलं.

"काका, ब्रेक माझ्यापेक्षा तंदुरुस्त आहेत. डोंगर काय, विहिरीत उतरवलीत तरी मध्येच थांबेल."

आजोबांनी घरी येऊन ही बातमी विहीर वगळून सांगितली. आजी मुळीच हलल्या नाहीत.

"तो तुमचा गप्पांचा भिडू. तो तुमच्या मनातलंच बोलणार. पुलाखाली माझा एक विद्यार्थी गॅरेज चालवतो. माझ्यासमोर खोटं बोलायची त्याची छाती नाही. मी स्वतः येते."

पूल गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. आजी आजोबांच्या शेजारी बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि गाडी पुलाखाली पोचली. पुलाखालच्या मेकॅनिकने "बाई, तुम्ही?" म्हणत हातातली सिगारेट आधी टायरमागे टाकली आणि मग नमस्कार केला. तेवढ्यात त्याचं नाक फुरफुरलं. त्याने पुढच्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाई, चाक नुसतं तापलंय. जळका वास येतोय. या गाडीतून आल्यात कशा तुम्ही? चालत जा घरी."

"ऐकलंत?" आजी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नव्वद टक्क्यांचं समाधान होतं. त्या शब्दशः चालत निघाल्या आणि पुढच्या थांब्यावर त्यांनी बस पकडली.

आजोबा गाडीपाशी घुटमळत राहिले. मेकॅनिक दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतल्यावर ते हळूच गाडी सुरू करून निघाले आणि थेट चौकात आले. त्यांचा चेहरा बघून दोस्ताने पाना खाली ठेवला. सगळं ऐकून त्याने चाकाला हात लावला. मग गाल लावला.

"गार आहे की! त्याला काय ताप आला होता का? चला, मी येतो. माझ्या कामाला नाव ठेवतो म्हणजे काय?"

दोघे पुलाखाली पोचले. पुलाखालच्याने चाक चाचपलं आणि तो चक्रावला.

"काका, तुम्ही मधल्या मध्ये चाकं बदलून आणलीत?"

"बदलतील कशाला?" चौकातला म्हणाला. "तुझा हातच गरम असेल."

"माझ्या हाताचं नाव काढू नकोस. मघाशी वास आला तो काय माझ्या हाताचा?"

"तुझ्या सिगारेटचा असेल."

सिगारेटची गोष्ट बाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून पुलाखालचा एकदम नरमला. पण हार कुणीच मानेना. दोघेही मागच्या सीटवर बसले आणि आजोबांनी त्यांना गावभर फिरवलं. चाकं गारच. शेवटी चौकातला म्हणाला, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझ्या बाईंनाच बसवू गाडीत. त्यांच्या देखत निकाल लागू दे."

आजी आढेवेढे न घेता आल्या. परीक्षा म्हटली की त्यांना नाही म्हणवत नसे. त्या पुढे आजोबांच्या डाव्या हाताला बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि गाडी निघाली.

"सायकल," आजी म्हणाल्या.

आजोबांनी ब्रेक दाबला. सायकल पलीकडच्या फुटपाथला टेकवून ठेवलेली होती.

"कुत्रं."

ब्रेक. कुत्रं झोपलेलं होतं.

"सिग्नल लाल होणार आहे."

ब्रेक. मागच्या गाड्यांनी एका सुरात हॉर्न वाजवला. मागच्या सीटवरचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर आपटत होते आणि त्यातून त्यांच्यात जरा जवळीक निर्माण होत होती. बाजार संपेपर्यंत तो जळका वास आला. पुलाखालचा विजयाने बोट वर करणार, तोच चौकातल्याने त्याला कोपराने ढोसलं आणि पुढे खाली बघायची खूण केली.

आजींच्या पायाखालच्या रबरी मॅटला भोक पडलं होतं. उजव्या टाचेच्या बरोबर खाली, रुपयाएवढं. आणि आताही, समोर एक बाई नुसती दुकानातून बाहेर आली, तर ती टाच त्या भोकात मनापासून रुतली. आजोबांच्या पायाखालची मॅट नव्यासारखी होती.

घोडं कुठे पेंड खातंय ते दोघांना कळलं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

"तू सांग," चौकातला कुजबुजला. "तुझ्या बाई आहेत."

"म्हणूनच तू सांग."

"काय कुजबुज चाललीये मागच्या बाकावर?" आजींनी न वळता विचारलं. "दोष सापडला का?"

पुलाखालचा आपोआप ताठ बसला. "सापडला, बाई. ब्रेक चांगले आहेत. दोष डाव्या बाजूला आहे."

"चाकात?"

"चाकाच्या जरा मागे."

आजींनी खाली मॅटकडे बघितलं, टाच उचलली, ते भोक बघितलं. उत्तर बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यायचे, हा त्यांचा जुना नियम होता.

"म्हणजे काका एकटे असताना चाकं गार," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि मी असताना गरम."

"हो, बाई."

"मग तसं स्पष्ट बोलावं. शाळेतही तू असंच अर्धं उत्तर लिहायचास." आणि आजोबांकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही! मी म्हणाले की लगेच दाबायलाच हवं का?"

"न दाबून कुठे जाऊ?" आजोबा म्हणाले. तक्रारीचा सूर काही त्यांना साधला नाही.

शनिवारी टॅक्सी आली नाही. चौकातल्याने डाव्या बाजूला नवी मॅट टाकून दिली आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये चला, एवढंच बजावलं. येताना नात मागे, बाळाच्या खुर्चीत पट्टा बांधून झोपली आणि आजी तिच्या शेजारी बसल्या. रस्ता दिसू नये म्हणून मागे बसले, असं त्यांनी लेकीला सांगितलं. पण तशी गरज नव्हती. नातीच्या मुठीत त्यांचं बोट होतं आणि त्यांना डोंगरसुद्धा दिसत नव्हता. लेक पुढे बसली.

उतार लागला. गाडी खालच्या गिअरमध्ये घुमत, शहाण्यासारखी उतरू लागली. मागून एकही सूचना नाही. आजोबांना इतकं सुख झालं की थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

"बाबा, ट्रक," लेक म्हणाली.

ट्रक पार खाली, तिसऱ्या वळणावर होता, आणि तोही लांब लांब जात होता. आजोबांनी हळूच डावीकडे नजर टाकली. लेकीची टाच नव्या मॅटवर घट्ट रोवलेली होती.

त्यांनी ब्रेक दाबला.

त्या धक्क्याने नात जरा चुळबुळली. आजींनी मान वर केली नाही. तिच्या कपाळावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "झोप गं. आता ब्रेकची काळजी नाही."