गिअरांचं तालुकावार वाटप

सहकारात कोणतीही वस्तू एकट्याची नसते, आणि म्हणून ती बिघडल्यावर एकट्यानं दुरुस्त करणं हा बाकीच्यांवर अन्याय ठरतो. हे ज्याला पटत नाही त्यानं खुशाल स्वतःचा टेम्पो घ्यावा. ईरण्णा क्रेनवाल्याला हे तत्त्व उशिरा कळलं, पण असं कळलं की जन्मात विसरला नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरची, ऐन दुष्काळातली ही गोष्ट. उस्मानाबाद जिल्ह्यात ऊस औषधालाही उरला नव्हता, म्हणून साखर कारखाना काढायचं ठरलं. (ऊस असता तर कारखान्याची एवढी तळमळ कुणाला लागली असती?) चढावरच्या माळावर पाया झाला, लोखंडी धुराडं आलं आणि ते उभं करायला संस्थेनं एक जुनी, भलीदांडगी क्रेन विकत घेतली. चढाच्या पायथ्यापर्यंत ती गुमान आली. चढ लागल्यावर ईरण्णानं दुसरा गिअर टाकला, तर आत कडाकडा आवाज झाला आणि गिअर निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. क्रेन चढली तेवढीच खाली आली.

ईरण्णाचा जीव टांगणीला लागला. बायको इरम्मा बाळंतीण होती, मुलगी झाली होती, आणि तिला आपल्या वारलेल्या आईचं, महादेवी हे नाव ठेवायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. इरम्मानं एसटीच्या कंडक्टरकडं निरोप धाडला, "पाळण्याला या. तुमी न्हाय आला तर वन्स पोरीचं नाव पिंकी ठिवत्यात." इकडं अध्यक्ष महारुद्रआप्पांचा हुकूम होता, की धुराडं उभं राहिल्याबिगर रजा नाही.

ईरण्णानं धावतपळत सोलापूरहून मिस्त्री आणला. मिस्त्री म्हणाला, दुसऱ्या गिअरच्या चाकाचा एक दात तुटलाय, चाक बदललं की सांजेपर्यंत गाडी चालू. इतका उतावळा निष्कर्ष बाहेरच्या जिल्ह्याचा माणूसच काढू शकतो.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की क्रेन सर्वांची म्हणून तिचे गिअर खरेदीच्या सभेतच तालुकावार वाटले गेले होते! पहिला भूमला, कारण भूमचे संचालक सर्वांत आधी ओरडले. दुसरा कळंबला, तिसरा तुळजापूरला, चौथा परंड्याला. न्यूट्रल उस्मानाबादला, कारण जिल्ह्याच्या ठिकाणानं सगळ्यांकडं सारखंच बघायचं असतं. राहिला रिव्हर्स, तो कर्नाटकाच्या शिवेवरच्या उमरग्याला गेला.

"आमी काय मागंच जायाचं व्हय?" असं उमरग्याचे वीरप्पा तेव्हा कडाडले होते.

"वीरप्पा," आप्पांनी समजूत घातली होती, "अडचणीच्या वक्ताला माणसाला मागंच यावं लागतं. तवा तुमचाच गिअर कामाला येईल."

साहजिकच मिस्त्रीचं निदान सभेपुढं आलं तेव्हा कळंबचे श्रीपतराव ताडकन उठले. "दात तुटला तो नेमका कळंबचाच? बाकीचे काय धुतल्या तांदळासारखे? आन् नवं चाक एकट्या कळंबलाच देताय म्हंजे आमी भिकारी ठरलो की!"

कळंबला नवं चाक मिळणार म्हटल्यावर परंड्यानंही नवं मागितलं. सगळ्यांना नवी चाकं द्यायला पैसा नव्हता. तेव्हा समन्यायाच्या तत्त्वावर, टाळ्यांच्या गजरात, असा ठराव झाला की बाकीच्या प्रत्येक गिअरचाही एकेक दात काढावा. (न्यूट्रलला दात नसतो हे ऐकून उस्मानाबादच्या संचालकांनी सभात्याग केला. चहा आल्यावर ते परतले.) मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, पण दात काढून दिले. जिल्ह्यात कुठल्याच तालुक्यावर अन्याय राहिला नाही आणि क्रेन कुठल्याच दिशेला हलेना.

पाळण्याचा दिवस उद्यावर आला. ईरण्णाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो हात जोडून म्हणाला, "आप्पा, क्रेन धुराड्याकडं जात न्हाय, तर धुराडंच क्रेनकडं आणा की! कुणीकडं का हुईना, उभं तर ऱ्हाईल!"

आप्पांना हे एकदम पटलं. धुराडं बैलगाड्यांवर घालून पायथ्याला आणलं. क्रेनवरचं वजन उचलायचं यंत्र गिअरांपासून वेगळं होतं, ते कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं आणि म्हणून ते चालत होतं. धुराडं उभं राहिलं, नारळ फुटले. बॉयलर चढावर आणि धुराडं पायथ्याशी, अशी मांडणी दुसरीकडं बघायला मिळणार नाही. धूर निघायला ऊस लागतो, त्यामुळं तक्रारीचा प्रश्नच आला नाही.

ईरण्णा मिळेल त्या एसटीला लोंबकळत घरी पोचला. बहीण शिवकांता पाळण्यावर वाकलीच होती. "आक्का, थांब!" म्हणून तो ओरडला, आणि पोर महादेवी झाली. त्याला असा काही आनंद झाला की पिंकी हे हाक मारायचं नाव म्हणून त्यानं लगेच मंजूर करून टाकलं.

आता एवढं सगळं ऐकल्यावर, बाळबाळंतीण सुखरूप आहेत ना, हे कुणी विचारत नाही. जो तो विचारतो, हा ईरण्णा कुठल्या तालुक्याचा? तुम्हीसुद्धा नुसत्या कानडी नावावरून त्याला मघाशीच उमरग्याला बसवून मोकळे झालात, खरं की नाही? सांगायला माझी काही हरकत नाही. पण आधी कळू द्या, पाव्हणं, तुम्ही कुठले?