मैनाबाईचा चांद्याचा कागद

पोळ्याला दाराशी पळसाची डहाळी उभी केली नाही, तर देव एक वेळ सोडेल, पण मैनाबाई सोडणार नाही. दिवस मावळायच्या आत सारी आलापल्ली पायाखाली घालायची, दार दार बघायची. डहाळी दिसली नाही की कमरेवर हात. "काऊन बाई, इसरली? आमच्यात असं नाई चालत." आता बघा, मी इथंच जन्मले, माझी आजी इथल्याच मातीत गेली, आणि मला 'आमच्यात' शिकवणारी ही बाई ब्रह्मदेशातली.

तिचा नवरा कवडूजी सागवानाच्या कामाला रंगूनकडे गेला होता. लग्न तिकडंच झालं. लढाईत बॉम्ब पडायला लागले तेव्हा दोघं पायी निघाले ते आमच्या शेजारी येऊन थांबले, आणि कवडूजी इथल्या लाकडाच्या डेपोत लागला. माझी नणंद नागपूरहून आली आणि तिनं आंबाडीच्या भाजीत कण्या घातल्या नाहीत, तर मैनाबाईनं तिला भरल्या ताटावर सुनावलं. नवऱ्याचं नाव तर तोंडातून कधी निघालं नाही. एकदा आठवडी बाजारात कवडूजी हरवला. ही "ओ डेपोवाले, ओ डेपोवाले" करत फिरली, आणि डेपोतले सात जण गोळा झाले.

मग तो नवीन कायदा आला. बाहेरच्या देशातल्या बायकांनी चांद्याला जाऊन साहेबासमोर बसायचं, तो विचारेल ते सांगायचं, मग इथली म्हणून कागद मिळणार. तोवर तिला ठाण्यात हजेरी लावावी लागे. कागद नाही झाला तर परत पाठवतात, असं कोणीतरी सांगितलं, आणि कवडूजीला अन्न गोड लागेना. आम्ही तिघं चांद्याच्या कचेरीत गेलो, तर साहेबांनी त्याला बाहेर बसवलं. मी साक्षीदार म्हणून आत.

साहेब पुण्याकडचे, तरुण, सुती कोटातले. पहिलाच प्रश्न, पतीचं नाव काय?

मैनाबाईनं पदर सारखा केला. साहेबांनी पुन्हा विचारलं. ही भिंतीकडे बघते. मी तोंड उघडलं तर मला दटावलं, तुम्ही बोलू नका. मग कारकुनाला म्हणाले, नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, लग्न खरं आहे की कागदापुरतं?

"आमच्यात घेत नाई," मैनाबाई म्हणाली. "तुमची बाई घेते का, साहेब?"

कारकून खोकला. साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग अर्जावरून नाव स्वतःच लिहून टाकलं. बहुतेक त्यांच्याही घरी घेत नसावेत.

पुढचं सारं भराभर झालं. शेवटचा प्रश्न, तिकडे कोणी आहे? वाटेत मोटारीत कवडूजीनं दहादा पढवलं होतं, कोणी नाही म्हण.

"माय आहे," ती म्हणाली. "होती. सही केल्यावर तिले चिठ्ठी लिवता येते का?"

साहेब म्हणाले, खुशाल लिहा, त्यात काय? आजवर कोणी अडवलं होतं?

कोणी नव्हतं अडवलं. ती आली त्या वर्षी ठाण्यातला हवालदार एकदा हसत म्हणाला होता, तिकडं चिठ्ठ्या टाकशील तर तिकडंच धाडू. त्याच्या ते ध्यानातही नसेल. हिनं ते चौदा वर्षं मनात धरलं होतं. मी शेजारी राहून मला त्या दिवशी तिच्याकडून कळलं.

सही झाली. कवडूजी बाहेर पेढे वाटत होता, आणि ही पोस्टातून पाकीट आणि कोरा कागद घेऊन कचेरीच्या ओट्यावर बसली. तिचं लिखाण मी पहिल्यांदा पाहिलं, तिकडच्या लिपीतलं, एकेक अक्षर बांगडीसारखं गोल. दोन अक्षरं काढली आणि थांबली.

"बाई, इतक्या सालानं मायले पयले काय लिवाव?"

मला काय सुचणार? म्हटलं, दोन वेळ जेवते म्हणून लिही, आईला तेच आधी पाहिजे असतं.

तिनं ते लिहिलं. मग टाक हातात धरून मला विचारलं, "असन का ती अजून?"

मी दौत तिच्याजवळ सरकवली. ती पुन्हा लिहायला लागली. आलापल्लीची मोटार लागली, कवडूजीनं दोनदा हाक मारली, पण हिची चिठ्ठी संपेना आणि मोटार सुटली. आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं गेलो.