हरणाबाईंचा इंट्रो

इंट्रो लिहावा तर विश्वजीतनं! असं सांगलीत निदान एक माणूस तरी मानत होता, आणि तो स्वतः विश्वजीतच होता. बातमीचं पहिलं वाक्य, ज्याला पेपरवाले इंट्रो म्हणतात, ते हा गडी आधी लिहायचा आणि त्याला शोभेल अशी माहिती मागाहून गोळा करायचा. या पद्धतीपायी वर्षात दोनदा खुलासा छापायची पाळी आली होती. संपादक राजवर्धन सरांनी बजावलंच होतं, "तिसरा खुलासा आला की रविवारची पुरवणी विसर. बाजारभाव लिहायचे. हळद, बेदाणा, कांदा!" आणि पुरवणी म्हणजे तर विश्वजीतचा जीव की प्राण.

गुरुवारी ऑफिसखालचा चहावाला बिरदेव किटली पुढ्यात घेऊन रडत होता.

"आत्ती गेली ओ सायेब! वाडीवरनं फोन आला."

आत्ती म्हणजे जत भागात घोंगडीसाठी लोकर कातणाऱ्या हरणाबाई. महिन्यापूर्वीच विश्वजीत त्यांना भेटून आला होता. त्यांनी बाजरीची भाकरी खाऊ घातली होती. त्याला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटता वाटताच इंट्रो सुचला, त्याला तो तरी काय करणार!

"दोन ठिकाणांहून खातरजमा केलीस?" सरांनी विचारलं.

"सख्खा भाचा ढसाढसा रडतोय, सर! आणखी काय पंचनामा करू?"

शुक्रवारी बिरदेव चहा घेऊन वर आला. "सायेब, ते आत्तीचं..."

विश्वजीतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बोलू नकोस गड्या. रविवारी वाच." खाली गिऱ्हाइकं खोळंबली होती, तेव्हा बिरदेव गेला.

रविवारी इंट्रो झळकला: 'वाडीवर कुणी बोलत नव्हतं. हरणाबाईंच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत माणूस नव्हतं, आणि चरखा एकटाच फिरत होता...' हे सगळं त्यानं सांगलीत पंख्याखाली बसून पाहिलं होतं! वाचकांनी रडून रडून फोन केले. सर खूश झाले. "उद्याच जा आणि त्या चरख्याचा फोटो आण."

सोमवारी भर दुपारी बारा वाजता विश्वजीतची मोटारसायकल वाडीवर पोचली. ऊन असं, की सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. कुत्रं भुंकेना. मेंढ्या नुसत्या टकामका बघत होत्या. दारातल्या एका बाईनं त्याला पाहिलं आणि मुकाट्यानं दार लावून घेतलं. बाभळीखाली एक म्हातारा बसला होता.

"आवं बाबा, हरणाबाईंच्या घरी कुणी आहे का?"

म्हाताऱ्यानं चकार शब्द न काढता घराकडं बोट दाखवलं.

वाडीवर कुणी बोलत नव्हतं! विश्वजीतच्या मानेवर काटा आला. हे तर आपलंच वाक्य! म्हाताऱ्याच्या तोंडात तंबाखू होती, हे त्याला पुष्कळ नंतर समजलं. त्या घटकेला तो दबकत घराकडं निघाला.

घराचं दार सताड उघडं होतं. आत गार अंधार आणि लोकरीचा वास. माणूस कुणी नाही. आणि कोपऱ्यात चरखा फिरत होता. एकटाच. कर्र... कर्र... कर्र...

विश्वजीतला आपल्या लेखणीचा पहिल्यांदाच भयंकर धाक वाटला. त्यानं पुढचं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. पुढच्या वाक्यात हरणाबाईंचा आत्मा येत होता.

मागून थंडगार, ओला हात खांद्यावर पडला.

"आलास व्हय रं लेकरा? तुजी चाहूल लागली म्हून आत्ताच कातायचं टाकून मागल्या दारानं पानी आनाया गेलते."

विश्वजीतनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून मेंढ्या उधळल्या! हरणाबाईंनी तांब्या त्याच्या तोंडाला लावला तेव्हा कुठं त्याला वाचा फुटली.

"आजी, तुम्ही... गेला होतात ना?"

"आरं, बुधवारी कावळा शिवला डोसक्याला. कावळा शिवला की मरान मागं लागतं. मग लांबच्या पाव्हन्यांस्नी 'मेली' म्हून सांगावा धाडायचा. त्येनी रडलं की मरान टळतं. बिरद्याला दुसऱ्या दिशी खरं सांगितलं की! तुजं कौतिक लय, आख्खा जिल्हा रडीवलास. पर आता जित्ती हाय म्हून छाप. खरं सांगितलं न्हाई तर उलटं बसतं."

तिसरा खुलासा! विश्वजीतच्या डोळ्यांपुढं कांद्याचे ढीग उभे राहिले. त्यानं हातापाया पडून पाहिलं. म्हातारी ऐकेना. शेवटी मान खाली घालून तो अंगणात आला, आणि फडफड करत एक कावळा त्याच्या टाळक्यावर नखं मारून गेला.

"आगं बया!" हरणाबाई ओरडल्या. "फोन काढ! कुनीतर रडाया पायजे. तुज्यावर जीव असल त्येचा लंबर लाव."

विश्वजीतनं खूप विचार केला आणि सरांचा नंबर लावला. म्हातारीनं फोन कानाला लावून हंबरडा फोडला, "आवं, तुमचा इस्वजीत गेला वो!"

"कोण बोलतंय?"

"म्या हरनाबाय. पेपरात न्हाई का आलते? त्याच मी."

मग सरांचा आवाज आला, बारीक, कापरा. "बाई... पोचला का तो तिथं? नीट?"

"पोचलाय की! माज्या म्होरंच बसलाय."

आणि राजवर्धन सर रडले. अगदी मनापासून, हुंदके देऊन रडले. विश्वजीतचं मरण टळलं, आणि त्याला भरूनही आलं. सर आपल्यावर इतकी माया करतात हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

मंगळवारी खुलासा आला. बुधवारपासून विश्वजीत बाजारभाव लिहितो. कांद्याचा भाव दोन ठिकाणांहून विचारून घेतो, आणि ऑफिसला येता-जाता हेल्मेट काढत नाही.