बेशुद्धीची रजा

आइस ऑटर्स या सिंगापूरच्या व्यावसायिक आइस हॉकी संघाचा गोलरक्षक टायलर हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, कामाच्या वेळेत, बेशुद्ध पडला. त्यासाठी त्याने कोणाचीही पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती.

संघाचा एचआर मॅनेजर निशिकांत देवस्थळी तेव्हा पहिल्या रांगेत बसला होता. पाहुण्या संघाचा एक धिप्पाड गडी भरधाव घसरत आला, टायलरवर आदळला, टायलरचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं आणि तो बर्फावर आडवा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आइस हॉकी गावात नवीन असल्यामुळे टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या यावर अजून एकमत झालेलं नव्हतं. टायलरला तोंडावर पाणी मारून उठवण्यात आलं, पुन्हा गोलसमोर उभं करण्यात आलं, आणि सामना पुढे चालू झाला. सामना संपल्यावर तो शांतपणे पाहुण्या संघाच्या बसमध्ये जाऊन बसला. त्यांच्या हॉटेलात, त्यांच्याच टेबलावर नूडल्स खाताना तो सापडला.

निशिकांत मूळचा पुण्याचा. सिंगापूरला तो आला तो मिस्टर लिम यांच्या गोठवलेल्या मासळीच्या कंपनीत, एचआर सांभाळायला. पुढे लिमसाहेबांनी हौसेने हॉकीचा संघ विकत घेतला आणि त्याचंही एचआर निशिकांतकडे दिलं. "दोन्हीकडे बर्फच आहे," ते म्हणाले. निशिकांतने मासळीची नियमावली काढली, जिथे जिथे 'माल' होतं तिथे तिथे 'खेळाडू' घातलं, आणि संघाची नियमावली एका दुपारीत तयार झाली. घाईत मासळीचं एखादं कलम तसंच राहून गेलं होतं. खेळाडू एकदा बाहेर काढल्यावर पुन्हा गोठवू नयेत, हे त्यातलंच.

माणूस म्हणून निशिकांत वाईट नव्हता. संघाचा फिनलंडचा कप्तान मिक्को हा तर त्याचा घरचाच झाला होता. दर शनिवारी तो निशिकांतच्या मुलीला, जाईला, स्केटिंग शिकवायचा आणि मग त्यांच्या हौगांगच्या फ्लॅटवर येऊन निशिकांतच्या बायकोच्या, प्रणिताच्या, हातची थालिपीठं लोण्याचा गोळा ठेवून खायचा. आमच्याकडे आजी असंच करते, असं तो दर वेळी म्हणायचा. प्रणिताला ते खोटं वाटायचं, पण आवडायचं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी टायलर निशिकांतसमोर येऊन बसला. त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"काल सामना चालू असताना तुम्ही काही वेळ कामावर गैरहजर होतात," निशिकांत म्हणाला.

"मी तिथेच होतो. बर्फावर."

"शरीराने होतात. नियमात 'हजर आणि कार्यरत' असं आहे."

"मी बेशुद्ध होतो."

"एमसी आणलंय?"

एमसी म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्याशिवाय या शहरात साधी सर्दीसुद्धा झाली असं धरत नाहीत. टायलरने खिशातून सरकारी हॉस्पिटलचं एमसी काढलं. निशिकांतने ते सहानुभूतीने वाचलं आणि परत दिलं. कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे ज्यांचं एमसी चालतं त्या यादीत, रॅफल्स प्लेसचं एकच क्लिनिक होतं, आणि ते संध्याकाळी बंद व्हायचं. सामने संध्याकाळी असायचे. थोडक्यात, खेळाडूने जखमी व्हायचं ते संध्याकाळच्या आत, अशी अपेक्षा होती.

"दुसरा मुद्दा. सामन्यानंतर तुम्ही प्रतिस्पर्धी संस्थेच्या वाहनातून प्रवास केलात. हितसंबंधांचा प्रश्न येतो."

टायलरने कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. मग त्याने अतिशय प्रामाणिकपणे विचारलं, "मी कुठल्या संघात आहे?"

निशिकांतने शेरा मारला : निष्ठा संशयास्पद.

त्याच दिवशी मिक्को आला. त्याची मागणी एकच होती. दर सामन्याला रिंकच्या कडेला एक डॉक्टर बसवायचा, आणि त्याने सांगितल्यावर खेळाडूने बाहेर यायचं. निशिकांतला यात काही गैर दिसलं नाही. म्हणूनच तो लिमसाहेबांकडे जाताना जरा घाबरलेला होता.

"डॉक्टर बसवला तर लोकांना वाटेल की इथे लागतं," लिमसाहेब म्हणाले.

"लागतं, सर."

"ते आपल्याला माहीत आहे. आपण ते मान्य केलेलं नाही."

समिती नेमली गेली. समितीने सखोल विचार करून डॉक्टरऐवजी फलक लावण्याची शिफारस केली, आणि ड्रेसिंग रूमच्या दारावर चारही सरकारी भाषांत लिहून लागलं : 'बेशुद्ध पडण्यापूर्वी कृपया आपल्या वरिष्ठांना कळवा.' खाली संघाचं बोधचिन्ह, एक हसरा ऑटर म्हणजे पाणमांजर, अंगठा दाखवत होता.

फलक वाचून खेळाडूंनी स्केट्स काढले आणि दुसऱ्या सामन्याला उतरायला नकार दिला. बातमी लीगमधल्या इतर संघांत पोचली. तिथल्या संघांतही एकेक टायलर होताच; तेही बसले. मालकांनी रिंकना कुलूप लावून या बसण्याला उत्तर दिलं. आम्ही त्यांना बाहेर काढलं आहे, असं मालक म्हणत होते. आम्हीच बाहेर आलो आहोत, असं खेळाडू म्हणत होते. बाहेर कोण कोणामुळे आहे यावर वाटाघाटी फिसकटल्या, आणि लीगच्या कार्यालयाने हंगामाची प्रतिष्ठा राखण्यासाठी हंगाम रद्द केला.

ऑटर्सना निषेध करायचा होता. पण इथे हातात फलक घेऊन उभं राहायला परवानगी लागते, आणि परदेशी माणसाने तर तो विचारही फार मोठ्याने करायचा नसतो. रांगेत उभं राहायला मात्र परवानगी लागत नाही. म्हणून सगळा संघ रिंकच्या बंद दारासमोर, एकामागे एक, गप्प उभा राहिला.

थोड्याच वेळात ट्रॉली ओढत एक आजीबाई आल्या आणि मिक्कोच्या मागे थांबल्या.

"काय मिळतंय?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर," मिक्को म्हणाला.

"चांगला आहे?"

"अजून आलेला नाही."

आजीबाईंची खात्री पटली. ज्याची एवढी उंच माणसं वाट बघतात तो चांगलाच असणार. त्यांनी बहिणीला फोन लावला. दुपारपर्यंत रांग बसस्टॉपला वळसा घालून गेली. लोक इथल्या रीतीप्रमाणे जमिनीवर टिश्यूची पाकिटं ठेवून जागा धरू लागले आणि पुढे काय आहे हे न विचारता मागच्यांना पुढे सरका म्हणू लागले.

लिमसाहेब खिडकीतून हे पाहत होते. "निशी," ते हळूच म्हणाले, "सामन्याला कधी एवढे लोक आले होते?"

"नाही, सर."

"दार उघड. खेळाडू सोडून सगळ्यांना आत घे."

कायद्याने यात काही अडचण नव्हती. तिकिटावर 'रिंकमध्ये प्रवेश' एवढंच छापलेलं होतं. हॉकीचा उल्लेख कुठेच नव्हता. लोक तिकिटं काढून आत आले, बसले, आणि त्यांना गारवा लागला. बाहेर अंगाची काहिली होत असताना आतली ती कडकडीत, सुखाची थंडी! कोणी आदळत नव्हतं, शिट्ट्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात शाळांच्या सहली आल्या, मग कंपन्यांच्या पार्ट्या. ऑटरचा पोशाख घातलेला माणूस बर्फावर एक फेरी मारायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आता टाळ्या कधी वाजवायच्या यावर पूर्ण एकमत होतं.

निशिकांतला फोन आला तो महाराष्ट्र मंडळाच्या शैलाताईंचा.

"अहो निशिकांत, आमच्या सगळ्यांची कपाटं स्वेटरांनी भरलीत हो! स्वित्झर्लंडला एकदा घातले, नंतर हवाच लागली नाही त्यांना. आपण तुमच्याकडे 'गुलाबी थंडी' म्हणून कार्यक्रम करू या का? शेकोटी नसली तरी चालेल."

निशिकांतने तारीख दिली.

खेळाडूंचं काय, हा प्रश्न राहिला होता. हंगाम नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे पास, म्हणजे परदेशी माणसाचा इथे राहायचा परवाना, नाही. पास रद्द करायला पाठवण्याचं काम निशिकांतचं. त्याचा स्वतःचा पासही त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता, आणि लिमसाहेबांनी दोन्ही कामं एकदमच उरकू या, असं सुचवलं होतं. त्यांनी ते अगदी प्रेमाने सुचवलं.

मिक्को शनिवारी नेहमीप्रमाणे हौगांगला आला. प्रणिताने तवा ठेवला.

"आमच्या वकिलाला एकच वाक्य हवंय," तो म्हणाला. "टायलर पडला, ते तू पाहिलंस. तू पहिल्या रांगेत होतास."

"पाहिलं ना," निशिकांत म्हणाला. "पण त्या संध्याकाळी मी तिकीट काढून बसलो होतो, मिक्को. ते पाहणं खाजगी होतं."

प्रणिताचा हात तव्यावर थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीत गृहपाठ करणाऱ्या जाईकडे. तिचा आणि जाईचा पास निशिकांतच्या पासावर होता. फ्लॅट त्यावर होता, शाळा त्यावर होती. तिने थालिपीठ उलटलं. ते एका बाजूने करपलं होतं.

मिक्को भांडला नाही. त्याने करपलेलं थालिपीठ संपवलं. मग जाईचे स्केट्स मागवून घेतले, जमिनीवर मांडी घालून त्यांच्या नाड्या पुन्हा नीट ओवल्या, पाती घट्ट आहेत का ते बोटाने पाहिलं, आणि जाईला म्हणाला, "गुडघे वाकवायला विसरायचं नाही."

त्या आठवड्यात संघ गेला. विमानतळावर कंपनीच्या वतीने निरोप द्यायला निशिकांतच होता. टायलरने मिक्कोला विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

"घरी."

"हरलो का?"

मिक्कोने त्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आत शिरला. निशिकांत हात हलवत राहिला. त्याच संध्याकाळी त्याचा पास नव्याने झाल्याचा मेल आला. सोबत बढती होती : 'प्रमुख, सामनाविरहित उपक्रम'.

'गुलाबी थंडी'ला सगळं मंडळ लोटलं. लोकरीचे, काश्मिरी, विणलेले, कॉलरला अजून दुकानाची चिठ्ठी लटकणारे, असे स्वेटर. जहाजावरचे इंजिनियर कानटोप्या घालून आले. थर्मासातला चहा, गरम भजी, गाण्यांच्या भेंड्या. मिस्टर लिम यांचा शाल देऊन सत्कार झाला. त्यांनी ती लगेच पांघरली. मुलं बर्फावर घसरत होती. जाई कडेला बसून होती. तिने स्केट्स घातलेच नव्हते.

भेंड्यांत कोणालातरी 'ळ' आला आणि सगळे विचारात पडून गप्प झाले. नेमक्या त्या शांततेत जाईचा आवाज, शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत, रिंकभर घुमला.

"बाबा, बट कोच मिक्को वॉज राइट, लाह! टायलर पडला, यू सॉ इट! व्हाय यू नेव्हर से?"

मंडळातले बरेच जण पहिल्या सामन्याला आले होते. टाळ्याही त्यांनीच वाजवल्या होत्या. निशिकांतने इकडे तिकडे पाहिलं. प्रत्येक जण आपापल्या स्वेटरची बटणं लावत होता. प्रणिता उठली, जाईजवळ जाऊन बसली आणि तिने तिचा हात धरला. तीसुद्धा काही बोलली नाही.

"अगं, चहा घे बाळा, गार होतोय," शैलाताई म्हणाल्या, आणि सगळ्यांना एकदम हुश्श झालं. कोणीतरी 'ळ' माफ करून 'ल' दिला.

निघताना शैलाताईंनी निशिकांतला बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षी हुरडा ठरवतोय आम्ही. ते हॉकीवाले परत येऊन खेळायला तर लागणार नाहीत ना?"

"व्यवस्थापन पूर्ण प्रयत्न करतंय," निशिकांत म्हणाला.

हे वाचून तुम्हाला वाटत असेल, आपण तिथे असतो तर उठून बोललो असतो. असेलही. पुढच्या कार्यक्रमाला अवश्य या. प्रवेश सर्वांना खुला आहे. बसायची उत्तम सोय आहे.