चाचणीचा रुपया

कॅशियरकाकांनी पुस्तकांच्या बाइंडिंगचा प्रेस ऑनलाइन विकायला काढला, त्याच दिवशी त्यांच्या लेकीने फ्रिजवर पाच नियम चिकटवले. ठळक अक्षरांत, शाळकरी पोराला लिहून द्यावेत तसे. पैसे घेताना पिन टाकायचा नसतो. अनोळखी कोड स्कॅन करायचा नाही. मेसेजवर भरवसा नाही, शिल्लक स्वतः बघायची. अनोळखी माणसाला पत्ता द्यायचा नाही, भेटायचं ते चारचौघांत. आणि पाचवा, खाली दोन रेघा ओढलेला: खात्यातलं काहीही कुणालाही दाखवायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

"घरच्यांना म्हणजे तुलासुद्धा?" काकांनी विचारलं.

"मलासुद्धा. पण बाबा, आता सांगून ठेवते. या वेळी पुन्हा तसं झालं, तर खातं मी सांभाळणार. तुम्हाला काय लागेल ते मला सांगायचं, मी आणून देईन."

'तसं' म्हणजे कपाटाचं प्रकरण. गेल्या वर्षी काकांनी जुनं कपाट विकायला काढलं. गिऱ्हाईक गोड बोललं, म्हणालं हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. काकांनी टाकला, आणि होते तेही पैसे गेले. पैशाचं दुःख महिन्याभरात ओसरलं, पण पस्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून, नुसत्या बोटाने खोटी नोट ओळखणाऱ्या माणसाला घरबसल्या टोपी घातली गेली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आणि आता लेकीकडे भाजीचे पैसे मागायचे? छे! त्यापेक्षा भाजी न खाल्लेली बरी.

प्रेस त्यांच्या थोरल्या भावाचा होता. तो बाइंडर होता. तो गेल्यापासून ते लोखंडी धूड खिडकीशी टेबलावर बसून होतं. काका रोज त्याच्यावरची धूळ पुसत आणि मग उगाच वरचं चाक एकदा फिरवून ठेवत. वापरणारं कुणी भेटलं तर द्यावा, असं मनात होतं. जाहिरातीवर पहिला फोन आला तो एका ग्रंथपालबाईंचा. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई. फाटकी पुस्तकं गोळा करून शिवायच्या होत्या त्यांना.

"किंमत मान्य आहे," बाई म्हणाल्या. "पण आधी वस्तू बघीन, मग पैसे देईन. भाच्याने बजावलंय."

"आमच्याकडे आधी पैसे, मग वस्तू. लेकीने बजावलंय."

"मग पत्ता द्या, येऊन बघते."

"पत्ता देता येत नाही. चारचौघांत भेटू."

"चालेल. बागेत या प्रेस घेऊन."

"अहो बाई, छत्तीस किलोचा आहे तो! बागेत काय डोक्यावर घेऊन येऊ?"

घोडं अडलं ते तिथंच. शेवटी बाईंनीच तोडगा काढला. एक रुपया पाठवून बघते, म्हणाल्या, निदान तुमचं खातं खरं आहे एवढं तरी कळेल. रुपया आला. सोबत शेरा होता, 'चाचणी'. काकांनी मेसेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट शिल्लक पाहिली. रुपया जमा होता.

आता कोणीही शहाणा माणूस इथे पुढचं बोलणं करील. पण काका पडले कॅशियर. त्यांच्या काउंटरवर संध्याकाळी रुपया कमी भरला तर जेवढी बोलणी बसत, तेवढीच जास्त भरला तरी बसत. न विकलेल्या प्रेसचा रुपया खात्यात ठेवायचा? त्यांना चहा गोड लागेना. त्यांनी तो परत पाठवला. 'मिळाला. साभार परत.'

आणि पलीकडे होत्या ग्रंथपाल. आपण दिलेलं आलं की त्याची नोंद करायची आणि पुन्हा द्यायचं, यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी लगेच रुपया फिरवला. 'तुमच्या बाजूने पोचतो हे कळलं. आता पुन्हा माझ्या बाजूने.' काकांनी परत केला. असं करता करता शेऱ्याची जागा मोकळी सोडणं बरं दिसेना. 'आज उकडतंय.' 'हो ना. गुडघाही दुखतोय.' 'शेकून बघा.' 'शेकला. तुमचा खोकला?' प्रेसचं नाव चौथ्या दिवसापर्यंत कुणी काढलंच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी काकांना फोन आला. "सर, बँकेतून बोलतोय. तुमच्या खात्यावर संशयास्पद व्यवहार..."

"वा रे वा!" काका कडाडले. "बँकेतून बोलतोय म्हणे! पस्तीस वर्षं मी बँकेत होतो, समजलास? ठेव फोन!" असे त्यांनी तीन फोन कापले आणि स्वतःवर भलतेच खूश झाले.

दुपारी औषधांच्या दुकानात पैसे जाईनात. दुकानदाराने दोनदा करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, खातं गोठवलंय बँकेने." काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आता लेकीला कळणार, फोन जाणार, खातं जाणार. ते गुडघा विसरून, झपाझप चालत शाखेत पोचले.

खिडकीशी कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई अधिकारी मुलीशी हुज्जत घालत होत्या. "अहो, रुपया त्यांचा होता! मी ठेवून कसा घेऊ?"

आवाज ओळखीचा होता. काका मागून म्हणाले, "त्यांचा कसा? तुमचाच होता."

बाई वळल्या. दोघांनी एकमेकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" अधिकारी मुलीने विचारलं.

"नाही," दोघं एका सुरात म्हणाले. नियम म्हणजे नियम.

मुलीने कपाळाला हात लावला. "चार दिवसांत एकसष्ट वेळा तुम्ही एकच रुपया इकडून तिकडे फिरवलाय. फसवणारे लोकही आधी रुपया पाठवूनच अंदाज घेतात, म्हणून यंत्रणेने आमच्या शाखेतली तुमची दोन्ही खाती अडवली. आणि हे शेरे काय आहेत? 'गुडघ्याला तिळाचं तेल...'"

"मोठ्याने नका वाचू!" काका घाईघाईने म्हणाले. "आणि बाळ, हे माझ्या लेकीला कळवू नकोस."

"माझ्या भाच्यालाही नको," बाई पुटपुटल्या.

मुलीने सगळी हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाली, "खाती मी मोकळी करते. अर्धे पैसे इथे माझ्यासमोर द्या. उरलेले प्रेस बघून, शेजारच्या कुणाला तरी जवळ उभं करून. झालं!"

इतकं सोपं होतं तर! पण दोघांपैकी एकाचाही चेहरा खुलला नाही. "हो, तसं करता येईल," काका सावकाश म्हणाले.

"आणि तो रुपया आत्ता कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," काकांनी खाली मान घातली.

"ठेवा तो. परत पाठवू नका."

"बिनहिशेबी?"

"काका, ठेवा!"

दोन दिवसांनी शेजाऱ्यांच्या साक्षीने बाईंनी प्रेस पाहिला, चाक फिरवलं, पैसे दिले आणि टेम्पोतून घेऊन गेल्या. सगळं नियमाने झालं. काका आत आले तर खिडकीपाशी टेबल रिकामं होतं आणि पुसायला धूळही नव्हती. त्यांना फार एकटं वाटलं. भावासाठी वाटलं, आणि खरं सांगायचं तर फक्त भावासाठी नाही.

रविवारी लेक आली. प्रेसचे पैसे पूर्ण मिळाल्याचं ऐकून तिने बाबांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता मला काळजी नाही. खातं तुमचं तुम्हीच सांभाळा."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी चष्मा लावला, शिल्लक पाहिली आणि मग शेरा वाचला. 'पहिलं पुस्तक दाबून निघालं. शिवण सरळ आली. रुपया परत करण्याची मुदत सात दिवस.'

"कोणाचे पैसे आले, बाबा?"

"चाचणी आहे."

"प्रेस तर गेला. आता कसली चाचणी? बघू तो फोन."

काकांनी फोन खिशात घातला, वर हात ठेवला आणि फ्रिजकडे बोट दाखवलं. "पाचवा नियम," ते म्हणाले. "दोन रेघा तूच ओढल्यास."